चौदा तारखेच्या आत अपग्रेड

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळी ७.१०

संगणकाने आज मला नोटीस दिली. बातम्या वाचायला बसलो तर पडदाभर मजकूर: विंडोज दहाची सेवा १४ ऑक्टोबरला बंद होत आहे, अकरावर या. वर्षाच्या इतक्या दिवसांतून कंपनीला हाच दिवस सापडला. छप्पन साली याच तारखेला नागपुरात लाखो लोकांनी जुने टाकले आणि नवे घेतले. आणि याच तारखेला संध्याकाळी आमच्या वस्तीच्या विहारात गेली सत्तावीस वर्षे प्रमुख वक्ता म्हणून मी बोलतो. संकेतांवर माझा विश्वास नाही. पण इतका स्पष्ट संकेत दुर्लक्षित करणे बरे नव्हे.

संकल्प: चौदा तारखेच्या आत अपग्रेड. स्वतःच्या हातांनी.

दुपारी १२

विहार समितीची नवी सचिव मेघा येऊन गेली. बँकेत नोकरी, वय सत्तावीस. म्हणजे तिचे वय आणि माझे प्रमुख वक्तेपण एकाच वर्षी जन्मले. म्हणाली, काका, यंदा भाषण आठ तारखेपर्यंत लिहून द्या, समिती आधी वाचून पाहणार आहे. अन् काही नवीन सांगा ना यंदा. नाहीतर दुसऱ्या कोणाले विचारा म्हणून राहिले सारे.

मी शांतपणे सांगितले की एकदा बोललेले मी पुन्हा बोलत नाही. सत्तावीस भाषणे आहेत, सत्तावीस फाइलींत. मेघा म्हणाली, हो काका, सगळी ऐकली आहेत. आवाजात आदर होता. प्रेमिला पाणी घेऊन आली होती. दारातच थांबली, पदर तोंडाला लावून. तिला हल्ली सर्दी असते.

२२ सप्टेंबर. पहाटे ५.३०

झोप नाही. विषय सुचला: स्वावलंबन. समाजाने दुसऱ्याच्या हाताकडे पाहणे सोडले पाहिजे. हे वाक्य लिहून घेतले. पुढचे वाक्य येईना. कारण लगेच कळले. नव्या विचाराला नवी प्रणाली हवी. म्हणून आधी अपग्रेड, मग भाषण. संगणकाला दोन दिवस, भाषणाला दोन तास. सोळा दिवस हाताशी आहेत. चैन आहे.

विषय स्वावलंबन असल्याने कुणाची मदत घेणार नाही. दीक्षा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. पोटची मुलगी, म्हणून तर तिला विचारायचेच नाही. शेजारचा संघपाल हिंगण्याच्या एका कंपनीत मशिनी दुरुस्त करतो, त्याला तर कळूसुद्धा द्यायचे नाही. तो विचारायच्या आधी हात घालतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

संगणकाची पात्रता तपासली. त्यासाठी कंपनीचा एक प्रोग्राम आहे. बटण दाबले, दोन सेकंदांत निकाल: तुमचा संगणक पात्र नाही.

कारण वाचून मी खुर्चीतून उठलो. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे. आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच प्रवेश.

म्हणजे पिढी बघून प्रवेश नाकारला. गुण नाही, काम नाही, अकरा वर्षांची निमूट सेवा नाही. तू कोणत्या पिढीत जन्मलास एवढेच विचारले. हे मला कोणी सांगावे? या विषयावर माझी हयात गेली आहे. प्रेमिला स्वयंपाकघरात वांगी चिरत होती, तिथे उभा राहून मी सुमारे वीस मिनिटे बोललो. आवाज चांगला लागला होता. ती म्हणाली, मग त्याले राहू द्या ना जी तसंच, चालून तर राहिला. मी म्हटले, प्रेमिला, हेच, हेच आपल्या लोकांना शेकडो वर्षे सांगितले गेले. ती म्हणाली, जरा बाजूले व्हा, तेल तापलं.

२५ सप्टेंबर

कंपनीला पत्र लिहिले. मराठीत, चार पाने, तीन ऐतिहासिक दाखले. कंपनीच्या अभिप्रायाच्या चौकटीत टाकायला गेलो तर चौकटीत फक्त पहिला परिच्छेद मावला. तो अभिवादनाचा होता. तेवढाच पाठवला. त्यांनी उत्तर दिले: तुमचे मत आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. अर्थ लागेना. पुन्हा वाचले. मत महत्त्वाचे आहे असे म्हणतात म्हणजे घाबरले आहेत.

दिवसभर घरात फेऱ्या. हॉल ते गॅलरी अठरा पावले. प्रेमिला म्हणाली, बसा ना एका जागी, फरशी घासून राहिली. मी बसलो. उठलो.

२७ सप्टेंबर, शनिवार

दीक्षाचा फोन. आईने तिला सांगितले असणार. म्हणाली, बाबा, एक वर्षाची मुदतवाढ मिळते, एकच बटण दाबायचं, मी फोनवरून दाखवते. मी स्पष्ट सांगितले की मुदतवाढ मागणारा माणूस मी नाही. जलसंपदा खात्यात बत्तीस वर्षे काढली, तिथे मी मुदतवाढ मागितली असेल, पण ती शासकीय होती. दीक्षा म्हणाली, मग नवीन घ्या, मी पाठवते. म्हटले, पात्रता नाकारली म्हणून आपला माणूस बदलायचा का? ती म्हणाली, आईला फोन द्या. विचारात पडली.

२९ सप्टेंबर

मार्ग सापडला. यूट्यूबवर एक गृहस्थ आहेत, दर वाक्याला दोस्तों म्हणतात. अपात्र संगणकावर विंडोज अकरा बसवण्याची युक्ती ते सांगतात. एक टूल डाउनलोड करायचे, पेन ड्राइव्ह तयार करायचा, एका चौकोनात टिक करायची, की तपासणीच होत नाही.

हा मागच्या दाराने प्रवेश आहे. मला मान्य नाही.

३० सप्टेंबर

रात्रभर विचार केला. दार जर मुळातच अन्यायाने बंद केले असेल, तर पुढचे कोणते आणि मागचे कोणते हा प्रश्नच उरत नाही. दार ते दार. शिवाय गृहस्थांच्या व्हिडिओला चार लाख लोकांनी पसंती दिली आहे, म्हणजे ही लोकचळवळ आहे. निर्णय पक्का. उद्यापासून काम.

भाषणाची एक ओळ झाली आहे. उरलेले आपोआप येईल.

१ ऑक्टोबर, बुधवार

पूर्वतयारी. दोस्तोंवाले म्हणतात, आधी डबा उघडून धूळ साफ करा, मऊ जुने सुती कापड घ्या. घरात टेरिकॉटशिवाय काही मिळेना. प्रेमिला विहारात गेली होती. उद्याच्या विजयादशमीसाठी बाहेरगावचे लोक येतात, त्यांच्या पाण्याच्या स्टॉलची तयारी चालू होती. शेवटी तिच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एक कापड सापडले. पांढरे, पिवळट पडलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले. अगदी व्हिडिओत दाखवतात तसे. जरा मोठे होते, म्हणून मधून फाडून दोन केले. एक पंख्याला, एक आतल्या पट्ट्यांना.

डब्यात अकरा वर्षांची धूळ. एक पाल, बऱ्याच काळापूर्वी निवर्तलेली. आता पंखा कसा फिरतो.

संध्याकाळी

प्रेमिला आली. फडक्यांकडे पाहिले. म्हणाली, हे कुठून घेतलं जी? मी म्हटले, पेटीतून, तळाशी पडून होते. तिने दोन्ही फडकी उचलली आणि मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता. जेवताना बोलली नाही. माझे तांत्रिक कौशल्य तिने प्रथमच पाहिले, तेव्हा असे होणारच.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

दीक्षाभूमीवर जाऊन आलो. पुस्तकांच्या स्टॉलवर चार पुस्तके घेतली. त्यातली तीन घरी आधीच होती, हे परत आल्यावर लक्षात आले. ओळखीचे अनेक भेटले. सगळ्यांना अपग्रेडबद्दल सांगितले. वर्ध्याच्या एका जुन्या कार्यकर्त्याने विचारले, यंदाचं भाषण झालं का? मी म्हटले, डोक्यात तयार आहे. ते म्हणाले, ते तर दरवर्षीच असतं. किती नेमके बोलतात जुने लोक.

सकाळी गच्चीवर गेलो होतो. ती दोन फडकी वाळत घातलेली, बाकी दोरी मोकळी. प्रत्येकाला चार चिमटे. एवढ्याशा फडक्याला चार चिमटे कशाला? प्रेमिलाची ही उधळपट्टी जुनी आहे.

३ ऑक्टोबर

प्रेमिला अजून गप्प. गॅलरीत उजेडाला बसून काहीतरी शिवत होती, बारीक टाके, दुपारभर. मी जवळ जाऊन अपग्रेडचा पुढचा टप्पा समजावला. तिने दोरा दातांनी तोडला. एवढेच.

घरात शांतता असली की काम चांगले होते असा अनुभव आहे. आज मात्र काही झाले नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३

बॅकअप घेतला. सत्तावीस भाषणे पेन ड्राइव्हवर. विचार माझे, टायपिंग प्रेमिलाचे. ती अंगणवाडी सेविका होती, तेव्हा अहवालांसाठी शिकली होती. संगणक आला तेव्हा जुनी भाषणेही तिने बसून उतरवून काढली.

एक गोष्ट पाहून समाधान वाटले. सत्तावीसही फाइलींचा आकार बेचाळीस केबी. एक कमी नाही, एक जास्त नाही. सत्तावीस वर्षे लेखणीवर असा ताबा ठेवणारा वक्ता विदर्भात दुसरा नसेल.

पेन ड्राइव्ह दिवाणाच्या खणात, कुलपात. आता संगणक जळाला तरी भाषणांना धक्का नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९

आजच दिवस. विंडोज अकरा बसवायला एक पेन ड्राइव्ह लागतो. घरात एकच आहे, दिवाणातला. नवा आणायला बर्डीच्या बाजारापर्यंत जाणे आले. पण साधन एक आणि उपयोग अनेक, हे स्वावलंबनाचे पहिले सूत्र. (हे भाषणात घ्यावे.) खण उघडला.

९.४०

टूलने इंग्रजीत धमकी दिली: या ड्राइव्हवरील सर्व माहिती नष्ट होईल. खाली दोन बटणे, ओके आणि कॅन्सल. असल्या भाषेला मी आयुष्यात भ्यालो नाही. ओके दाबले.

११.१५

संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू झाला. पात्रतेबद्दल एक शब्द विचारला नाही. आता विचारतो आहे, जुने ठेवायचे की काढायचे? या प्रश्नावर माझे मत सर्वांना ठाऊक आहे. जुन्यावर ठिगळे लावून काही साधत नाही, मुळापासून काढावे लागते. यादीत डिस्कचे चार कप्पे होते. चारही डिलीट केले. एकेकाला, नाव घेऊन.

दुपारी २

यश. पडद्यावर निळे फूल. चौथ्या पिढीने प्रवेश मिळवला. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली संघपाल मोटारसायकल पुसत होता. म्हणाला, काकाजी, खुश दिसून राहिले, काय झालं? मी फक्त हसलो.

दुपारी ४.१०

संगणक इंटरनेट मागतो आहे. त्याशिवाय पुढे जात नाही. वायफायचे जे बोटाएवढे यंत्र मागे लावलेले आहे, त्याला तो ओळखत नाही. अकरा वर्षांचा शेजार आणि ओळख नाही. त्याची सीडी होती. सीडी कुठे आहे? शिवाय संगणकात सीडी घालायची जागा आहे, ती २०१९ पासून उघडत नाही.

६ ऑक्टोबर. सकाळी ६

पहाटे अचानक जाग आली आणि पेन ड्राइव्हचा विचार आला.

सकाळी ६.२०

संगणकात काही दिसत नाही म्हणून पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून पाहिला. टीव्ही म्हणतो, यात चित्रपट नाहीत. ते बरोबरच आहे. पण भाषणेही नाहीत.

सकाळी ६.४५

पुन्हा लावला. दोनदा फुंकर घातली.

सकाळी ८

परिस्थितीचा शांतपणे विचार केला. संगणकात भाषणे नाहीत, कारण चार कप्पे मी काढले. पेन ड्राइव्हवर नाहीत, कारण ओके मी दाबले. भाषणे आता फक्त माझ्या डोक्यात आहेत. खरा वक्ता कागदावर अवलंबून नसतो. एका अर्थाने हे स्वावलंबनाचे पूर्ण रूप आहे. चहा तिसऱ्यांदा घेतला.

दुपारी

बर्डीवर जाऊन आलो. दुकानदाराने संगणकाचे वय विचारले आणि म्हणाला, भाऊ, इसको अब आराम दो. मी त्याला चौथ्या पिढीबद्दल सांगू लागलो. मागे चार गिऱ्हाइके उभी होती. त्यांनीही थोडे ऐकले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

हाताने लिहायला बसलो. सकाळी सहा ते अकरा. बंधूंनो आणि भगिनींनो. समाजाने दुसऱ्याच्या हाताकडे पाहणे सोडले पाहिजे. यानंतर पेनातली शाई तपासली. शाई होती. जागा बदलली. गॅलरी, पलंग, पुन्हा टेबल. सत्तावीस भाषणे डोक्यात आहेत, पण एकाच वेळी बाहेर यायला बघतात म्हणून दारात अडकत असावीत. कारण दर वेळी तेच पहिले वाक्य येते.

मेघाला फोन करून दोन दिवस मागितले. ही मुदतवाढ नव्हे. वेळापत्रकाची फेररचना.

८ ऑक्टोबर

पुस्तकांच्या कपाटात विहाराची २०११ ची स्मरणिका सापडली. तिच्यात माझे त्या वर्षीचे भाषण छापलेले आहे. खाली बसूनच वाचले. वाचून थक्क झालो. समाजाने दुसऱ्याच्या हाताकडे पाहणे सोडले पाहिजे, इथूनच सुरुवात. साधन एक आणि उपयोग अनेक, तेही आहे. म्हणजे २०२५ चे भाषण मी २०११ मध्येच लिहून ठेवले होते. याला दूरदृष्टी म्हणतात.

प्रेमिलाला दाखवले. आठवड्यात प्रथमच नीट बोलली. म्हणाली, जुनी भाषणं उतरवायले बसली होती ना मी, तेव्हा एकच टाइप केलं. बाकीच्यात साल बदललं. वाचून पाहिलं होतं, फरक सालाचाच होता जी. अन् मग दरवर्षी तुम्ही कागद द्यायचे तर मी सालच बदलत होती.

मी म्हटले, इतकी वर्षे सांगितले का नाही? ती म्हणाली, तुम्ही कुठं विचारलं.

हा टायपिंगमधला दोष आहे. वैचारिक नव्हे. तरीही दुपारी जेवण गेले नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

स्मरणिकेतल्या भाषणाची झेरॉक्स मेघाला दिली. तिने वाचली नाही. दारात उभ्या उभ्या चौथा परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला, हातवाऱ्यांसह. माझे हातवारे. म्हणाली, काका, शाळेत होती तेव्हा आम्ही पोरी तुमच्या आधी वाक्य म्हणायचो, मागच्या रांगेत बसून. मग म्हणाली, राग नका मानू. यंदा तुम्ही अध्यक्ष. शाल, श्रीफळ, मधली खुर्ची. शेवटी तीन मिनिटं बोला. प्रमुख वक्त्याचं आम्ही पाहतो.

अध्यक्ष हा प्रमुख वक्त्याच्या वर असतो. सत्तावीस वर्षांनी बढती. प्रेमिलाला सांगितले. ती म्हणाली, बसा, पोळी घ्या.

रात्री झोप नाही. तीन मिनिटे म्हणजे किती वाक्ये? घड्याळ लावून पाहिले. अभिवादनातच दोन जातात.

१२ ऑक्टोबर, रविवार

संघपाल शिडी मागायला आला. पडद्याकडे पाहिले, म्हणाला, हे काय काकाजी, इथं अटकून राहिले? कधीपासून? मी म्हटले, निरीक्षण चालू आहे. त्याने खिशातून मोबाइल काढला, चार्जरच्या वायरने संगणकाला जोडला आणि संगणकाला इंटरनेट मिळाले. दीड मिनिट लागले. मी मदत मागितली नव्हती. शिडी मात्र मी दिली. हिशोबाने ती माझीच मदत ठरते.

पुढे संगणकाने ईमेल खाते मागितले. माझ्या खात्याचा पासवर्ड संगणकातच लिहून ठेवला होता. भाषणांच्या शेजारच्या फाइलीत. संघपालने आवाज दिला, काकू, तुमचा हाय का ईमेल? प्रेमिला ओले हात पुसत आली, बोलता बोलता पासवर्ड टाकला, पिन नवा ठेवला. संगणक म्हणाला, वेलकम, प्रेमिला.

तात्पुरती व्यवस्था.

ती आणि मेघा संध्याकाळी तासभर गॅलरीत कागद घेऊन बोलत होत्या. दिवाळीच्या सफाईची यादी असावी.

१३ ऑक्टोबर

विहाराबाहेर फळा लागला. लिहिणाऱ्याकडून चूक झाली आहे. उद्याच्या कार्यक्रमाखाली प्रेमिलाचे नाव वर आणि माझे खाली आले आहे. घरातले नाव म्हणून सोबत लिहिले असेल. मोठ्या मनाने दुर्लक्ष केले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. रात्री ९.३०

लिहू की नको असे झाले आहे. ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहितो.

फळ्यावर चूक नव्हती. प्रमुख वक्त्या प्रेमिला होती. मी मधल्या खुर्चीत, शाल पांघरून. ती माझ्यापुढे तीन पावलांवर उभी. हातात कागद नाही. पिशवीतून तिने एक घडी काढली आणि उलगडली. पांढरे, पिवळट कापड. मी ओळखले.

ती म्हणाली: माझा बाबा धोंडबा, आई तारा. उमरेडकडचं खेडं. छप्पन साली निरोप आला का नागपूरले जायचं, पांढरं घालून. घरात पांढरं म्हणून एकच, बाबाचं धोतर. आई म्हणे, तुम्ही जा, मी राहते घरी. बाबा म्हणे, दोघं जाऊ नाहीतर कोणीच नाही. अन् त्यानं धोतर मधून फाडलं. अर्धं तिनं गुंडाळलं, अर्धं त्यानं. दोन दिवस पायी आले. हे आईचं अर्धं.

मागच्या रांगेतल्या पोरी पुढे सरकून ऐकत होत्या.

मग ती म्हणाली: याच्यात मधी शिवण दिसून राहिली ना, ती जुनी नाही. ती याच महिन्याची हाय. फाटलेलं जोडता येते. टाके दिसतात, दिसू द्या.

मागे वळून तिने पाहिले नाही. नाव घेतले नाही. पाचशे माणसांत ते टाके कुणामुळे पडले हे दोघांनाच माहीत होते. मी शाल घट्ट ओढून घेतली. ऑक्टोबरच्या उकाड्यात.

अडतीस वर्षांचा संसार. माझ्या सासूचे नाव मला माहीत होते. बाकी काही मी विचारले नव्हते.

माझी तीन मिनिटे आली. खिशात २०११ ची झेरॉक्स होती. माइकसमोर उभा राहिलो. म्हणालो, प्रेमिला बोलली, तेवढे पुरे आहे. बसलो. टाळ्या झाल्या. सत्तावीस वर्षांत माझ्या वाक्याला एवढ्या झाल्या नव्हत्या. संक्षेप लोकांना आवडतो असे दिसते.

घरी येताना वाटेत तिला म्हणालो, मला माहीत नव्हते. ती म्हणाली, माहीत असतं तर फाडलं नसतं, मले मालूम हाय. मग म्हणाली, चपला हातात काहून घेतल्या? विहाराबाहेरून उचलल्या होत्या, घालायच्या राहून गेल्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७

कालपासून विंडोज दहा बंद. आमच्याकडे अकरा चालू. चौथी पिढी, दोन दिवस आधीच मार्गी. संकल्प पूर्ण झाला असे म्हणायला हरकत नाही.

दीक्षाचा फोन. विचारले, बाबा, स्वतः केलंत? मी म्हटले, बहुतांशी. ती म्हणाली, आईचं भाषण मेघाने पाठवलं, मी तीनदा ऐकलं. मी म्हटले, अध्यक्षीय समारोपही ऐक. ती म्हणाली, त्यात तुम्ही दिसता, शाल दिसते.

सकाळी ७.४०

पुढच्या वर्षीच्या भाषणाला विषय सुचला. अर्धे धोतर. लगेच लिहायला संगणकासमोर बसलो. पडद्यावर प्रेमिलाचे नाव आणि खाली चार चौकटी, पिनसाठी. एक नऊ पाच सहा टाकून पाहिले. नाही. आमच्या लग्नाचे साल टाकले. नाही. संगणक विचारतो, पिन विसरलात का? विसरायला मुळात माहीत असावा लागतो.

स्वयंपाकघरात गेलो. ती अंबाडीची पाने खुडत होती. म्हटले, पुढच्या वर्षी मी त्या धोतरावर बोलावे म्हणतो. पाने खुडता खुडताच म्हणाली, ते माझं झालं सांगून. तुम्ही दुसरं शोधा.

मी तिथेच पाटावर बसलो. पिन विचारायला आलो होतो. तोंडातून निघाले, दोन दिवस चालत आले म्हणालीस, तर रात्री मुक्काम कुठे केला होता? आणि धोंडबांचे अर्धे, ते कुठे आहे?

ती थांबली. म्हणाली, एवढ्या वर्षांनी काहून विचारून राहिले? मग टोपली माझ्याकडे सरकवली. पानं खुडा, सांगते. मुक्काम एका चिंचेखाली, बैलगाडीवाल्यांच्या चुलीजवळ. आईच्या पायाला फोड आले तर बाबानं आपल्या अर्ध्यातून एक पट्टी फाडून बांधली. उरलेलं जपून ठेवलं त्यानं. तो गेला तेव्हा त्याच्याच अंगावर टाकलं.

तास गेला. अंबाडी संपली. बोटे हिरवी झाली, अजून आहेत, या पानावर डाग पडलाय.

संगणक बाहेर तसाच चालू आहे. पिन विचारायचा राहिला.